आईच्या नावाचा चेक, मुलाचं खातं आणि मध्ये अडलेले पावणेपाच लाख

प्रकरण आमच्या ओळखीतल्या एका घरातलं आहे, नावं देत नाही, काकू आणि त्यांचा मुलगा एवढंच पुरे. मी बरीच वर्षं बँकेत क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवायच्या, टेबलावर काढलीत त्यामुळे असलं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, तसा हा मुलगा पण आला, "काका, हा चेक आईचा आहे पण माझ्या खात्यात टाकायचाय, कसं करू?"

तर झालं होतं असं की काकूंच्या माहेरचं घर विकलं गेलं, चार भावंडं, खरेदीदाराने चौघांना वेगवेगळे चेक दिले, काकूंच्या वाट्याला आला ४ लाख ७५ हजारांचा. खरेदीखताच्या दिवशी काकू स्वतः जाऊन सह्या अंगठे करून आल्या, चेक पर्समध्ये ठेवला, पर्स कपाटात. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन, हॉस्पिटल, मग घरी पलंगावर. या सगळ्यात चेक कुणाच्या लक्षातच राहिला नाही. मुलाने हॉस्पिटलचं बिल स्वतःच्या खिशातून आणि क्रेडिट कार्डावर भरलं, आणि कार्डाचा हप्ता डोक्यावर आल्यावर काकूंनाच आठवलं की अरे माझ्या पर्समध्ये बघ की.

मुलगा चेक घेऊन सरळ आपल्या बँकेत गेला, स्लिपवर स्वतःचा खाते नंबर लिहिला, काऊंटरवरच्या बाईंनी चेक बघितला आणि परत दिला. म्हणाल्या हा तुमच्या नावाचा नाही. हा म्हणाला आईचा आहे, आई उठू शकत नाही, पैसे तिच्याच औषधपाण्याला हवेत, हे बघा आधार कार्ड, हे बघा डिस्चार्जचे कागद. तरी नाही. मग रागारागात माझ्याकडे.

मी चेक हातात घेतला तर त्यात एक नाही तीन भानगडी दिसल्या. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि मध्ये 'अकाउंट पेयी ओन्ली'. नावाच्या जागी काकूंचं माहेरचं नाव, म्हणजे लग्नाआधीचं पहिलं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, आणि आपल्याकडे त्या पिढीत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचे त्यामुळे हे नाव आणि काकूंच्या आधारवरचं नाव यात एकही अक्षर जुळत नव्हतं. आणि तिसरं म्हणजे तारीख, अडीच महिने उलटून गेलेले. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो, पूर्वी ६ महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने ३ केले, पण अजूनही घरोघरी सहा महिनेच लक्षात आहे.

म्हणजे मुलाला वाटत होतं की बँकवाले अडून बसलेत, आणि खरं तर त्या बाईंनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं.

अकाउंट पेयी म्हणजे नक्की काय

हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळं प्रकरण याच्यावरच फिरतं. चेकचा मूळ कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. त्या कायद्याप्रमाणे साधा चेक हा हस्तांतर करता येणारा कागद आहे, ज्याच्या नावाचा आहे त्याने मागे सही करून दुसऱ्याला दिला की दुसरा त्याचा मालक. नुसत्या दोन रेघा मारल्या तर त्याचा अर्थ एवढाच की पैसे काऊंटरवर रोख मिळणार नाहीत, खात्यातच जातील. पण कुठल्या खात्यात हे त्या दोन रेघा सांगत नाहीत. बहुतेक लोक दोन रेघा आणि अकाउंट पेयी हे एकच समजतात, तसं नाही.

'अकाउंट पेयी' लिहिलं की मात्र विषय संपतो. हे शब्द १८८१ च्या कायद्यातून आलेले नाहीत, बँकांच्या रिवाजातून आलेत, पण २३ जानेवारी २००६ ला रिझर्व्ह बँकेने स्पष्ट आदेश काढला की अकाउंट पेयी चेकचे पैसे ज्याचं नाव आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही खात्यात जमा करायचे नाहीत. तेव्हा आयपीओचा, म्हणजे कंपन्यांच्या नव्या शेअर विक्रीचा, घोटाळा गाजत होता, शेअर्सच्या अर्जांचे परताव्याचे अकाउंट पेयी कागद भलत्याच लोकांच्या, दलालांच्या खात्यांत जमा करून दिल्याचं उघड झालं होतं, त्यातून हे आलं. आणि त्या आदेशात मुलगा, बायको, भाऊ असा कुठलाही अपवाद नाही. रक्ताचं नातं काऊंटरवर चालत नाही, आणि खरं सांगू का, चालूही नये. म्हाताऱ्या माणसाचे पैसे कोण उचलतं याची यादी काढली तर परक्यांपेक्षा घरचेच जास्त निघतील, हे मी टेबलावर बसून बघितलंय.

मुलाचा पुढचा प्रश्न अर्थातच, "मागे आईची सही घेतली तर?" साध्या चेकवर याला अर्थ आहे, अकाउंट पेयीवर शून्य. मागे सही असो नसो, नाव आईचं तर खातं आईचं. आणि मग तो हळूच म्हणाला, तशीही आईची सही मीच करतो नेहमी, सोसायटीच्या कागदांवर वगैरे. हे ऐकून मी त्याला जरा झापलंच. दुसऱ्याची सही आपण मारणं याला बनावट दस्तऐवज म्हणतात, आईची परवानगी होती हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं, आणि चेक हा कायद्याच्या भाषेत मूल्यवान रोखा आहे, त्याच्यावरच्या खोट्या सहीची शिक्षा साध्या कागदापेक्षा कितीतरी जड आहे. बहिणीने उद्या विचारलं तर काय सांगणार?

लोकांनी सुचवलेल्या वाटा

माझ्याकडे यायच्या आधी त्याने चार जणांना विचारलं होतं आणि चौघांनी चार उपाय दिले होते.

पहिला, काऊंटरला जाऊच नको, ड्रॉप बॉक्समध्ये टाकून दे, कोण बघतंय. बघतात हो. आता चेक शारीरिकरीत्या समोरच्या बँकेत जात नाही, तुमच्याच बँकेत त्याचा फोटो निघतो आणि तो फोटो पुढे जातो, त्यामुळे नाव आणि खातं जुळतंय का हे तपासायची पूर्ण जबाबदारी तुमच्या बँकेवर असते. ती चेकच्या मागे शिक्का मारून सांगते की पैसे मिळाल्यावर पेयीच्याच, म्हणजे ज्याच्या नावाचा चेक त्याच्याच, खात्यात जमा होतील. तो शिक्का खोटा ठरला तर बँकेला कायद्याने जे संरक्षण आहे, कलम १३१ चं, सद्हेतूने आणि हलगर्जी न करता चेक वसूल केला तर बँक जबाबदार नाही असं, ते गेलं. म्हणून एखादा चेक नजरचुकीने गेलाच तरी नंतर लक्षात आल्यावर बँक ते पैसे परत खेचते, खातं अडकवून ठेवते, आणि तोपर्यंत तुम्ही ते खर्च केलेले असतात. या उपायाने कधीतरी कुणाचं काम झालं असेलही, पण त्याला उपाय म्हणत नाहीत.

दुसरा, खरेदीदाराला सांगून अकाउंट पेयी खोडून घे. चेकवर खोडून आता चालत नाही, ते पुढे येईल, पण अकाउंट पेयी नसलेला चेक मागायचा हा उपाय मुळात चूक नाही, उलट रिझर्व्ह बँकेच्या आदेशातच म्हटलंय की दुसऱ्या खात्यात जमा करायचं असेल तर ज्याने चेक दिला त्याच्याकडून चेक किंवा ती सूचना मागे घेऊन आणा. म्हणजे हे करू शकतो तो फक्त चेक लिहिणारा, घेणारा नाही. पण खरेदीदार का करेल? त्याच्या खरेदीखतात चेक नंबरसकट लिहिलंय की अमुक बाईंना अमुक रक्कम दिली, उद्या काकू किंवा काकूंची मुलगी म्हणाली आम्हाला मिळालेच नाहीत तर त्याच्याकडे पुरावा काय? मुलाने फोन केला, खरेदीदार सभ्यपणे नाही म्हणाला, वकिलाला विचारतो म्हणाला, वकील पण नाहीच म्हणाला.

तिसरा उपाय पतसंस्थेवाल्या मित्राचा. काकूंचं पतसंस्थेत खातं आहे, आवर्त ठेव चालू आहे, तिथे टाक. याच्यात तथ्य आहे आणि बऱ्याच जणांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. पतसंस्था ही बँक नाही, ती स्वतः क्लिअरिंगमध्ये नसते, तिचं खातं एखाद्या बँकेत असतं. पतसंस्थेच्या सभासदांच्या नावाचे अकाउंट पेयी चेक बँकेने पतसंस्थेच्या खात्यात घ्यायला रिझर्व्ह बँकेने नंतर सवलत दिली, पण मर्यादा ५० हजार रुपये. काकूंचा चेक त्याच्या साडेनऊ पट. बाद.

चौथा म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी करून घे. याने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुखत्यारपत्र असलं म्हणजे मुलगा आईचं खातं चालवू शकतो, आईच्या वतीने सही करू शकतो, पण म्हणून आईच्या नावाचा चेक मुलाच्या खात्यात जात नाही, तो तरीही आईच्याच खात्यात जाणार. पाचशेचा स्टॅम्प, नोटरी, सगळा खर्च करून माणूस जिथे होता तिथेच.

मग मी त्याला म्हटलं, तू प्रश्नच उलटा धरलायस. माझ्या खात्यात कसा टाकू हे सोड, आईचं बँकेत खातं आहे का ते सांग. कारण पैसे भरायला खातेदार लागतच नाही. खात्यात पैसे टाकायला ना त्याची सही लागते ना तो हजर लागतो, शेजारचा पोरगा स्लिप भरून टाकू शकतो, चेकच्या मागे खाते नंबर आणि मोबाईल नंबर लिहिला की झालं. सही लागते पैसे काढायला. आई उठू शकत नाही ही अडचण काढताना येणार आहे, भरताना नाही, आणि तू सगळा जोर भरण्यावर लावून बसलायस.

काकूंचं खातं

खातं होतं. काकूंचे यजमान, म्हणजे काका, असताना दोघांनी मिळून उघडलेलं, एका सरकारी बँकेत, 'ईदर ऑर सर्व्हायव्हर'. काका जाऊन पाच वर्षं झाली, त्यांचं नाव अजून खात्यावर, काकूंनी त्यात नंतर हात घातला नाही. दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, तसं ते झालेलं. (दहा वर्षं गेली असती तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत गेली असती, तिथूनही परत मिळते पण वेळ जातो.)

निष्क्रिय खातं म्हटल्यावर मुलगा हबकला, पण हे वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे निष्क्रिय खातं चालू करायला फी घेता येत नाही, आणि केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याचे कागद, कुठल्याही शाखेत देता येतं, मूळ शाखेतच या असं म्हणता येत नाही. आणि काकू सत्तरीच्या वरच्या. सत्तर पार केलेल्यांना आणि दिव्यांगांना घरपोच मूलभूत सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलंय, त्यात चेक घरून नेणं, रोख आणून देणं, केवायसीचे कागद घेऊन जाणं हे सगळं येतं. बोर्डावर ही गोष्ट लिहिलेली असते पण कोपऱ्यात, आणि आपण होऊन कुणी सांगत नाही, मागावी लागते. लेखी अर्ज दिला तर लवकर हलतात, तोंडी विचारलं तर "माणूस नाहीये" हे उत्तर तयार असतं.

अर्ज दिला, सोबत काकांचा मृत्यू दाखला, काकूंचं आधार, पॅन, फोटो. बँकेचा माणूस घरी आला.

इथे सहीचा प्रश्न आला. काकूंचा हात थरथरतो, वीस वर्षांपूर्वीच्या नमुना सहीशी आताची सही कुणीही जुळवू शकणार नाही. दोन पर्याय असतात, नवीन नमुना सही नोंदवा किंवा अंगठा. अंगठ्यावर पैसे काढायचे तर बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, म्हणजे दर वेळी अधिकाऱ्याला घरी बोलवा. काकू म्हणाल्या मी सही करते, अंगठा कशाला, मी मॅट्रिक आहे. वेळ लागला पण केली.

मग मुलाने सुचवलं की आता काकांचं नाव निघतंच आहे तर माझं घाला. बँकेचा माणूस फॉर्म काढायला लागला आणि काकूंनी विचारलं, "म्हणजे पैसे माझेच राहतील ना रे?" प्रश्न एकदम रास्त होता आणि कुणी त्यांना नीट समजावलं नव्हतं. 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने सगळे पैसे काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिलं नाव ज्याचं तो हयात आहे तोवर फक्त तोच काढणार, दुसऱ्याला नंतर. आणि तिसरी गोष्ट, मॅन्डेट, म्हणजे खातं एकटीचंच राहतं, फक्त मुलाला चालवायचा अधिकार दिला जातो आणि आई एका पत्राने तो काढून घेऊ शकते. आपल्याकडे सरसकट पहिलं टिक करतात कारण फॉर्मवर तेच आधी असतं. माझं मत विचाराल तर आजारी माणसाच्या रोजच्या खर्चासाठी मॅन्डेट सगळ्यात स्वच्छ, पण काकूंनी मुलीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि तिघांनी मिळून ईदर ऑर सर्व्हायव्हरच ठरवलं, मुलीचं नाव नॉमिनी म्हणून. मुलीला आधी कळलं हे महत्त्वाचं, नंतर कळलं असतं तर हेच भांडणाचं कारण झालं असतं.

आणखी एक बारीक फायदा म्हणजे खातं जॉइंट असलं आणि पेयी त्यातला एक खातेदार असला तर त्याच्या एकट्याच्या नावाचा अकाउंट पेयी चेक त्या जॉइंट खात्यात जमा होतो. त्यामुळे ज्यांच्या घरी आईवडिलांचं खातं मुलाबरोबर जॉइंट आहे त्यांना हा प्रश्न येतच नाही. उलटं मात्र चालत नाही, चेक आई आणि वडील दोघांच्या नावाचा असेल तर तो एकट्याच्या खात्यात घेत नाहीत, दोघांचं खातं लागतं.

माहेरचं नाव

खातं चालू झालं पण खातं काकूंच्या सासरच्या नावाचं आणि चेक माहेरच्या. नावातला बदल बँक मानते ती दोन कागदांवर, राज्य सरकारने दिलेला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद. काकूंचं लग्न पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचं, नोंदणी कसली करतात तेव्हा, लग्नपत्रिका सुद्धा राहिली नाही. राजपत्रात छापून आणायला वेळ लागणार आणि चेकचे पंधरा दिवससुद्धा शिल्लक नाहीत.

आमच्याकडे एक जमेची बाजू होती, खरेदीखतात वकिलाने दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून लिहिली होती, पॅन नंबरसकट. म्हणजे नोंदणीकृत कागदावर ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे होतंच, फक्त चेक लिहिणाऱ्याने ऊर्फ गाळून नुसतं माहेरचं लिहिलं. शाखाधिकाऱ्याला खरेदीखत दाखवलं, त्याने वाचलं, म्हणाला मला पटतंय पण मी घेतला आणि उद्या ऑडिटने धरलं तर मला उत्तर नाही, त्यापेक्षा चेकच बदलून आणा. काहीजण हमीपत्र घेऊन करतात, याने नाही केलं, आणि पावणेपाच लाखांसाठी मी पण केलं नसतं.

मुलगा म्हणाला मग नाव खोडून वर बरोबर लिहून खरेदीदाराची सही घेऊ. पूर्वी चालायचं. आता चेकचा फोटो जातो म्हणून तारखेशिवाय कुठलीही खाडाखोड, सही असली तरी, चालत नाही, नाव किंवा रक्कम चुकली तर नवीन पानच लागतं. तारीख मात्र चेक देणारा सही करून वाढवून देऊ शकतो.

आता खरेदीदाराकडे परत जायचं, पण या वेळी मागणी वेगळी होती. अकाउंट पेयी काढा असं नाही, तर अकाउंट पेयीच द्या फक्त नाव बँकेच्या खात्याप्रमाणे लिहा. याला त्याची हरकत असायचं कारणच नव्हतं, पैसे काकूंनाच जाणार, कागदही त्याच्या बाजूचा. वकिलाने एक साधी पावती केली, जुना चेक क्रमांक अमुक वटवला नसून परत केला, त्याऐवजी नवीन चेक क्रमांक अमुक मिळाला, काकूंची सही, दोन्ही नावं ऊर्फसकट. जुना चेक त्याने काकूंच्या मुलासमोर आडवा फाडला. मी सुचवलं होतं की चेकच कशाला, सरळ काकूंच्या खात्यात आरटीजीएस करा, दोन लाखांच्या वरच्या रकमेला ते चालतं, पण खरेदीदार म्हणाला खतात चेक लिहिलंय तर चेकच देतो. ठीक आहे, ज्याचे पैसे त्याचा हट्ट.

त्याच्या बँकेत पॉझिटिव्ह पे होतं. ५० हजारांच्या वरच्या चेकची माहिती, नाव, रक्कम, तारीख, देणाऱ्याने आधीच आपल्या बँकेला कळवायची म्हणजे चेक आल्यावर ताडून बघतात, २०२१ पासून आहे हे, आणि ५ लाखांपासून पुढे बँक सक्ती करू शकते. याचा चेक पाचच्या आत होता तरी मी त्याला कळवायला लावलं, एवढं झाल्यावर आता किरकोळ कारणाने परत यायला नको.

मुलाने स्लिप भरली, आईचा खाते नंबर, चेकच्या मागे पण तोच, काऊंटरला दिला, शिक्का मारून पावती घेतली. काकू घरी पलंगावर. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग स्कॅन होऊन पुढे जातात, गठ्ठे बांधून दुसऱ्या दिवसाची वाट बघायची पद्धत गेली, त्यामुळे संध्याकाळी काकूंच्या मोबाईलवर मेसेज. मग काकूंनीच हॉस्पिटलच्या बिलाएवढे पैसे मुलाच्या खात्यात पाठवायला सांगितलं, ते त्याने जॉइंट खातेदार म्हणून पाठवले आणि बहिणीला स्क्रीनशॉट टाकला.

थोडं वेगळं असतं तर

याच्यावर मला पुढे इतरांनी बरंच विचारलं म्हणून तेही लिहून टाकतो.

चेकवर नुसत्या दोन रेघा असत्या, अकाउंट पेयी नसतं, तर काकूंनी मागे 'अमुक यांना द्यावेत' लिहून सही केली असती आणि कायद्याने मुलगा तो आपल्या खात्यात भरू शकला असता. पण बँक तो घ्यायला बांधील नाही, बऱ्याच शाखा तिसऱ्याच्या नावाचा चेक बघूनच नको म्हणतात, मोठी रक्कम असेल तर जास्तच. रेघाच नसत्या आणि 'ऑर बेअरर', म्हणजे 'किंवा जो घेऊन येईल त्याला', हे खोडलेलं नसतं तर कुणीही जाऊन रोख आणली असती, म्हणूनच तसला चेक घरात ठेवू नये.

लहान मुलाच्या नावाचा चेक, बक्षिसाचा म्हणा, शिष्यवृत्तीचा म्हणा, तोही आईबापाच्या खात्यात जात नाही. मुलाच्या नावाने पालक म्हणून खातं उघडायचं, आईसुद्धा पालक म्हणून उघडू शकते. दहा वर्षांवरच्या मुलाला बँक त्याच्या एकट्याच्या सहीचंही खातं देऊ शकते.

ज्याचं कुठेच खातं नाही त्याच्यासाठी किमान शिल्लक नसलेलं मूलभूत बचत खातं मिळतं, ते उघडून मगच चेक भरायचा. कागद अपुरे असतील तर छोटं खातं म्हणून एक प्रकार आहे पण त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही, काकूंचा चेक त्यात बसलाच नसता.

आणि सगळ्यात वाईट प्रसंग, चेक ज्याच्या नावाचा तो माणूसच गेला. इथे लोक घाईघाईने मयताच्या खात्यात चेक भरतात, कुणाला न सांगता, एटीएमने काढून घेतात. करू नका. माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो आणि वारसांत एकाने जरी तक्रार केली तर काढणारा अडकतो. रीतसर वाट अशी की बँकेला कळवायचं, बँक वारसांशी किंवा नॉमिनीशी ठरवून 'कैलासवासी अमुक यांची इस्टेट' अशा नावाचं खातं उघडून येणारे पैसे त्यात घेऊ शकते, त्यातून काढता येत नाही, किंवा खातेदार मयत असा शेरा मारून चेक परत पाठवते आणि वारसाला कळवते. मग वारसांनी चेक देणाऱ्याकडे जाऊन आपल्या नावाने मागायचा. नॉमिनी असला तरी तो पैशांचा मालक होत नाही, वारसांच्या वतीने घेणारा असतो, यावरून किती घरं फुटलीत. दाव्याची सगळी कागदं दिल्यावर १५ दिवसांत निकाली काढा असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बजावलंय, आणि नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत वारस दाखल्याशिवाय सोप्या पद्धतीने द्या असंही.

काकूंच्या प्रकरणात शेवटी एक राहिलं होतं ते म्हणजे टॅक्स. घराच्या विक्रीत काकूंचा पॅन लागलेला, म्हणजे नफा काकूंच्या नावावर दिसणार आणि त्यांच्याच रिटर्नमध्ये दाखवावा लागणार. वारसाने आलेलं जुनं घर असल्यामुळे २००१ ची किंमत धरून हिशोब करता येतो, सीएने तसा केला. आईने मुलाला दिलेले पैसे मात्र करमुक्त, आई आणि मुलगा नातेवाईक या व्याख्येत बसतात, कितीही रक्कम असो. चेक पहिल्याच दिवशी त्या काऊंटरवाल्या बाईंनी मुलाच्या खात्यात घेतला असता तर विक्री आईच्या पॅनवर आणि पैसे मुलाच्या खात्यात, आणि नोटीस आलीच तर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवत बसायचं. सीएने काकूंचं रिटर्न भरलं, मुलाने क्रेडिट कार्ड फेडलं, आणि राजपत्राचा अर्ज आता सावकाश चाललाय कारण माहेरच्या शेतीचा हिस्सा अजून वाटायचा बाकी आहे आणि तिथल्या सातबाऱ्यावर पण काकूंचं जुनंच नाव आहे.